१२२ अंश: एका बाटलीतले दोन पदार्थ

जुलैचा दुसरा आठवडा. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एस.वाय.च्या (पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या) मुलांचं ऑरगॅनिक स्पॉटिंग चाललं होतं. सकाळपासून पावसाने झोड उठवली होती. लोकल रखडल्याने कळवा-मुंब्र्याकडची मुलं पाऊण तास उशिरा आली, त्यामुळे सगळ्यांचे हात घाईत होते. प्रत्येकाला एका अज्ञात सेंद्रिय पदार्थाची दोन ग्रॅमची पुडी दिली होती. रंग, वास, स्फटिकांचं रूप, विद्राव्यता, द्रवणांक बघायचा, मग रासायनिक कसोट्या करून पदार्थ ओळखायचा.

'ग' खुणेच्या सहा पुड्या होत्या. आमच्या लॅबमधल्या मामांनी त्या एकाच बाटलीतून ओळीने भरल्या होत्या, ग-१ ते ग-६. बाटलीवर लेबल होतं बेंझॉइक आम्लाचं. स्पॉटिंगसाठी हा पदार्थ अगदी सरावाचा. पांढरे चकचकीत स्फटिक, द्रवणांक १२२ अंश, सोडा बायकार्बच्या द्रावणात टाकला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. वीस वर्षं मी तो मुलांना देत आले आहे.

संध्याकाळी जर्नलं तपासायला घेतली. सहापैकी चौघांनी बेंझॉइक आम्ल लिहिलं होतं, त्यांना बरोबरची खूण केली. ग-४ च्या मुलाचा पदार्थ ८४ अंशांना ओल धरून १०५ पर्यंत रेंगाळत वितळला होता. त्याला मी शेरा दिला, 'नमुना नीट वाळवला नाही'. पावसाळ्यात हे नेहमीचंच. ग-२ च्या मुलीने १२२ अंश लिहून पुढे 'बीटा नॅफ्थॉल' असा निष्कर्ष काढला होता. तिथे मी लाल फुली मारली आणि दहापैकी तीन गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. हातात उरलेली पुडी होती.

"मॅडम, मार्क राहू देत. पण एकदा बघता का? बायकार्बमध्ये बुडबुडे आलेच नाहीत. तीनदा केलं मी."

"बायकार्बचं द्रावण जुनं असेल गं."

"शेजारच्या सॅलिसिलिक आम्लाला येत होते, मॅडम. त्याच बाटलीतलं द्रावण होतं."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले.

आधी ताजं द्रावण केलं. तिच्या पुडीतली चिमूट टाकली. स्फटिक तळाशी जाऊन बसले, एकही बुडबुडा नाही. ग-६ ची उरलेली पुडी कपाटात होती. तीच चिमूट, तेच द्रावण, आणि परीक्षानळी फसफसून वर आली. मग सहाही पुड्यांचे उरलेले अंश गोळा केले आणि ओळीने सहा नळ्या लावल्या. १, २, ३ शांत. ४ मध्ये मरगळलेले बुडबुडे. ५ आणि ६ मध्ये जोरात. पुड्या भरल्याचा क्रम आणि हा क्रम एकच होता. म्हणजे बाटलीच्या तोंडाशी एक पदार्थ, खाली दुसरा, आणि मध्ये दोघांची सरमिसळ.

हे पाहताना दुसरीही एक गोष्ट उघड झाली, आणि ती मला जास्त लागली. ग-१ आणि ग-३ या पुड्यांमधूनही बुडबुडे येत नव्हते. त्या दोन्ही मुलांच्या जर्नलात मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'जोरात बुडबुडे येतात'. त्यांनी द्रवणांक काढला, १२२ आला, तक्त्यात बोट फिरवलं, बेंझॉइक आम्ल सापडलं, आणि पुढचं निरीक्षण तक्त्याबरहुकूम लिहून टाकलं. त्यांना दहापैकी आठ मिळाले होते.

दोन पदार्थ इतके सारखे कसे?

बेंझॉइक आम्लाचा द्रवणांक १२२.४ अंश सेल्सिअस. बीटा नॅफ्थॉलचा १२१ ते १२३. थिएले नळीत पॅराफिन तेल तापवून आपण केशनळीतला नमुना बघतो, तेव्हा साध्या थर्मामीटरवर हा फरक वाचताच येत नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही चकचकीत. घनतासुद्धा जवळजवळ तीच, एकाची १.२७ च्या आसपास, दुसऱ्याची १.२८. दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच, त्यामुळे सोडियमच्या लासेन कसोटीत नायट्रोजन, गंधक, हॅलोजन काहीच सापडत नाही. दोन्हींत बेंझिनचं वलय, म्हणून दोन्ही काजळी धरत जळतात. मुलांना शिकवलेल्या क्रमाने जायचं तर पहिल्या पाच पायऱ्यांपर्यंत दोघांची वाट एकच आहे.

असे जुळे आणखीही आहेत. युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोघेही १३३ च्या आसपास वितळतात. पण युरियात नायट्रोजन आहे आणि तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून तिथे फसगत लवकर उघडी पडते. बेंझॉइक आणि नॅफ्थॉल यांची जोडी त्यापेक्षा कठीण.

तरीही डोळ्याला काहीच दिसत नाही असं नाही. त्या मुलीने जर्नलात 'पांढरे स्फटिक' एवढ्यावर न थांबता 'पातळ चकत्या, अभ्रकासारख्या, कडेला किंचित गुलाबी' असं लिहिलं होतं. काल मी ते वाचून पुढे गेले होते. आता काळ्या कार्डपेपरवर ग-२ आणि ग-६ शेजारी शेजारी पसरून दहापट भिंगाखाली धरले. ग-६ मध्ये चपट्या, लांबट सुया होत्या, शुभ्र. ग-२ मध्ये खरोखरच अभ्रकाच्या कपच्यांसारख्या पातळ पानांचे तुकडे, आणि त्यांच्यावर मळकट गुलाबी झाक. नॅफ्थॉल उजेडात आणि हवेत राहिलं की असं काळवंडत जातं. बाटली पांढऱ्या काचेची होती आणि खिडकीजवळच्या फळीवर होती. पुडी उघडताच फिनेलसारखा पुसट वासही येत होता. बेंझॉइक आम्लाला थंड असताना वास जवळजवळ नसतो. तापवलं की त्याची वाफ घशाला झोंबते आणि खोकला आणते.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण स्फटिकांच्या रूपाबद्दल मुलं एक तर फार कमी लिहितात किंवा त्यावर फार विसंबतात.

रूप कुठून येतं? बेंझॉइक आम्लाचे रेणू स्फटिकात एकेकटे नसतात. दोन रेणू आपापले आम्लगट समोरासमोर आणून हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. अशा चपट्या जोड्या एकीवर एक रचल्या जातात, आणि त्या रचनेत एका दिशेला स्फटिक भरभर वाढतो, दुसरीकडे सावकाश. म्हणून सुई किंवा चपटी पट्टी तयार होते. हा झाला रेणूंचा स्वभाव. पण त्यावर परिस्थितीचा हात फिरतो. गरम पाण्यातलं द्रावण टेबलावर झाकून ठेवून सावकाश निवू दिलं तर बोटाच्या पेराएवढे चकाकते स्फटिक येतात. तेच बीकर बर्फात घातलं तर पिठासारखा भुगा. सोडियम बेंझोएटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर दह्यासारखा घट्ट गोळा. कोरडं तापवून वाफ थंड काचेवर धरली तर पिसासारखे नाजूक धागे, कारण हे आम्ल सहज संप्लवित होतं, म्हणजे घनातून थेट वाफ होतं. चारही बेंझॉइक आम्लच, चारहींचा द्रवणांक वाळल्यावर १२२.

एकच पदार्थ दोन खरोखर वेगळ्या स्फटिकरचनांत येऊ शकतो, हे सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत पहिल्यांदा दिसलं तेही याच घराण्यात. १८३२ साली व्हॉलर आणि लीबिग हे दोघं कडू बदामाच्या तेलावर आणि त्यातून निघणाऱ्या संयुगांवर काम करत होते. त्यांनी बेंझामाइड हे बेंझॉइक आम्लाचंच संयुग गरम पाण्यात विरघळवून निवू दिलं, तेव्हा रेशमासारख्या सुयांनी भांडं भरून गेलं. ते तसंच ठेवल्यावर सुया विरून त्यांच्या जागी ठसठशीत चौकोनी-तिरपे स्फटिक आले. पदार्थ तोच, रूप दुसरं. माझ्या बाटलीत याच्या नेमकं उलट होतं.

म्हणून रूप बघून निष्कर्ष काढायचा नाही, पण रूप बघून शंका मात्र घ्यायची. त्या गुलाबी झाकेने शंका घ्यायला जागा होती. मुलीने ती घेतली. मी घेतली नाही.

वेगळं कसं पाडलं

आम्ही दोघींनी मग एकेक कसोटी शेजारी शेजारी केली. नुसत्या भौतिक गुणांवरही फरक पडतो का, हे मला आधी बघायचं होतं. बेंझॉइक आम्ल २५ अंशांना लिटरभर पाण्यात साडेतीन ग्रॅमही विरघळत नाही, पण उकळत्या पाण्यात ते लिटरला ५६ ग्रॅमच्या आसपास जातं. नॅफ्थॉल थंड पाण्यात लिटरला ग्रॅमभरही नाही आणि उकळत्या पाण्यातही साधारण ऐंशी भागांना एक भाग. म्हणून प्रत्येकी अर्धा ग्रॅम घेऊन वीस-वीस मिलिलिटर पाण्यात उकळलं. ग-६ पूर्ण विरघळलं आणि निवताना नळी सुयांनी भरली. ग-२ चा बराच भाग राहूनच गेला. या साध्या उकळीला पाच मिनिटं लागतात आणि एक थेंबही रसायन लागत नाही, तरी आमच्या जर्नलात 'गरम पाण्यात विद्राव्य' एवढे दोन शब्द लिहून ती पायरी उरकली जाते. किती पाण्यात किती, हे कोणी लिहीत नाही. आता मी ते लिहून घेते.

पुढचं काम सोपं होतं. सौम्य कॉस्टिक सोड्यात दोन्ही विरघळले, पण अतिनील दिव्याखाली ग-२ चं द्रावण निळं चमकलं आणि ग-६ चं अंधारातच राहिलं. फेरिक क्लोराइडने ग-२ ला हिरवट रंग आला, तर ग-६ च्या उदासीन केलेल्या द्रावणात गव्हाळ साका बसला. शेवटी ॲनिलिन बर्फात थंड करून त्याचं डायझोनियम (नॅफ्थॉलशी जुळून रंग देणारं संयुग) केलं आणि ते कॉस्टिक सोड्यातल्या ग-२ वर ओतलं. क्षणात शेंदरी-लाल रंग. रंगांच्या कारखान्यांत नॅफ्थॉलला मागणी असते ती याच गुणासाठी, आणि आमच्या लॅबमध्ये तो ठेवलेला असतो तोही याचसाठी, ॲनिलिनसारखी अमाइन ओळखायला.

मिश्र द्रवणांक

मला सर्वात बोलकी वाटली ती ग-४ ची पुडी, जिला मी 'नीट वाळवला नाही' असा शेरा मारला होता.

शुद्ध पदार्थ एक-दीड अंशाच्या आत झटकन वितळतो. त्यात दुसरं काही मिसळलं की वितळण्याची सुरुवात खाली सरकते आणि शेवटपर्यंतचं अंतर लांबतं. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो ते याचमुळे. पाणी शून्याला गोठतं, पण मिठाबरोबर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं, म्हणून मिठाचा बर्फ वितळत वितळत आजूबाजूची उष्णता ओढतो आणि कुल्फी घट्ट होते. दोन वेगळे सेंद्रिय पदार्थ एकत्र खलले की तेच होतं, मग त्यांचे स्वतःचे द्रवणांक तंतोतंत एक का असेनात. प्रत्येक पदार्थ दुसऱ्याच्या वितळलेल्या थेंबात थोडा विरघळतो आणि त्याला आपल्या रचनेत परत बसायला जड जातं.

आम्ही ग-२ आणि ग-६ समभाग घेऊन पोर्सेलिनच्या खलात कोरडेच वाटले आणि तीन केशनळ्या एकाच थर्मामीटरला बांधल्या. डावीकडे ग-२, उजवीकडे ग-६, मध्ये मिश्रण. शंभरीच्या आधी, बाजूच्या दोन नळ्यांत कण हलायलाही तयार नव्हते, तेव्हा मधली नळी केव्हाच पारदर्शक होऊन बसली होती. ती मुलगी थर्मामीटरसमोरून हलली नाही. १२२ ला दोन्ही बाजू एकदम खाली बसल्या.

द्रवणांकावरून शुद्धता ठरवायची पद्धत जुनी आहे. फ्रान्समध्ये शेव्रलने चरबीतल्या आम्लांवर काम करताना द्रवणांक स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा स्फटिक केले आणि १८२३ साली ते ग्रंथरूपात मांडलं. पण एकट्या आकड्याने ओळख पटते असं नाही. संशयित पदार्थाचा शुद्ध नमुना शेजारी ठेवून, मिसळून बघितलं तरच ओळख पटते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

बाटलीत नॅफ्थॉल गेलं कसं

मामांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मी फक्त पुड्या भरल्या. बाटलीत काही घातलं नाही." मग साठ्याची वही काढली.

मे महिन्यात, सुट्टीतल्या साठामोजणीत, एका लहान बाटलीचं लेबल ओलीने गळून पडलेलं सापडलं होतं. तळाशी सहा-सात ग्रॅम पांढरे स्फटिक. वहीत नोंद होती: 'लेबल नाही. द्रवणांक १२२. बेंझॉइक आम्ल. मोठ्या बाटलीत घातले.' अक्षर माझं होतं.

ठाण्याच्या पावसाळ्यात डिंकाची लेबलं टिकत नाहीत, हे मला माहीत होतं. एकट्या द्रवणांकावर ओळख पटत नाही, हे मी शिकवते. तरी त्या दुपारी मला फळी रिकामी करायची होती. मी एक केशनळी भरली, १२२ वाचला आणि बाटली उपडी केली. बायकार्बची एक चिमूट टाकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ग-१ आणि ग-३ च्या मुलांनी जुलैत जे केलं, ते मी मे महिन्यात करून बसले होते. त्यांनी न पाहिलेले बुडबुडे लिहिले, मी न केलेली खातरजमा गृहीत धरली.

पुढच्या तासाला मी वही वर्गात नेली आणि ती नोंद वाचून दाखवली. ग-२ ला दहापैकी दहा दिले. ग-४ चा शेरा खोडून त्याच्या ८४ ते १०५ या नोंदीलाही पूर्ण गुण दिले, कारण त्याने जे पाहिलं तेच लिहिलं होतं आणि माझ्या शेऱ्यानंतरही बदललं नव्हतं. ग-१ आणि ग-३ यांना मी वर्गात काही बोलले नाही. तास संपल्यावर दोघं स्वतःहून आली. आकडा बघून पुढचं लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. मीही तेच केलं होतं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचे गुण त्यांनीच कमी करायला सांगितले, तसे केले.

बाटलीचं काय केलं

ती फेकून द्यायची नव्हती. नॅफ्थॉल जलचरांना घातक आहे, आणि आमच्या बेसिनचं पाणी गटारातून शेवटी खाडीलाच मिळतं. शिवाय तळाचं बेंझॉइक आम्ल उत्तम होतं. म्हणून वरचा संशयित थर काढून घेतला आणि पुढचा प्रयोग तोच ठरवला: मिश्रणातून दोघांना वेगळं करणं.

कृती साधी. मिश्रण बारीक खलून बायकार्बच्या द्रावणात थोडं थोडं घालत ढवळायचं. बेंझॉइक आम्ल चांगलंच आम्लधर्मी आहे, त्याचा पीकेए ४.२ (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जोरदार), त्यामुळे ते सोडियम बेंझोएट होऊन विरघळतं. सरबतांच्या आणि लोणच्यांच्या बाटलीवर आयएनएस २११ म्हणून लिहिलेलं असतं तेच हे. नॅफ्थॉलचा पीकेए साडेनऊच्या आसपास. त्याला बायकार्ब हलवू शकत नाही, ते घन राहतं आणि गाळणकागदावर अडकतं. खालच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घातलं की बेंझॉइक आम्ल परत खाली बसतं. खलण्यात आळस केला तर नॅफ्थॉलच्या कणांच्या पोटात आम्ल अडकून राहतं. दोन गटांना हा अनुभव आला आणि त्यांना बायकार्बने दुसऱ्यांदा धुवावं लागलं.

आम्लाने पाडलेला गोळा बघून एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे तर चुन्यासारखं दिसतंय. हे बेंझॉइक कसं?" मी त्याला ते गरम पाण्यात विरघळवायला सांगितलं, गरमच गाळायला सांगितलं, आणि बीकरवर वॉच ग्लास ठेवून कोणीही हात लावायचा नाही असं बजावलं. गाळताना फनेलमध्येच स्फटिक धरू लागले, म्हणून फनेलही गरम करून घ्यावा लागला. बाकी सगळे जर्नल लिहीत बसले. तासाभराने बीकरच्या मधोमध पहिली सुई दिसली, मग तिच्याभोवती दुसरी, तिसरी. बेंझॉइक या नावाच्या मुळाशी लोबान आहे. सुमात्रा आणि लाओसकडच्या झाडांचा तो चीक, अरबी व्यापारी त्याला लुबान जावी म्हणत. लोबान कोरडा तापवला की त्यातून हेच आम्ल वाफ होऊन वर येतं आणि थंड जागी धाग्यांसारखं जमतं. हे मी सांगत होते, पण मुलं बीकरकडेच बघत होती.

गुलाबी झाक असलेलं नॅफ्थॉल आम्ही पाणी घातलेल्या अल्कोहोलातून स्फटिक करून घेतलं. शुभ्र, पानांसारख्या चकत्या आल्या. ते तपकिरी काचेच्या बाटलीत भरलं. लेबल पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप लावली, आणि नावाची दुसरी चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधली. आता लॅबमधल्या प्रत्येक बाटलीला अशी दुहेरी नोंद आहे. उरलेला पदार्थ दुसऱ्या बाटलीत ओतणं मी पूर्ण बंद केलं आहे, मग तो कितीही ओळखीचा असो.

दोन्ही नमुने काळ्या कागदावर शेजारी ठेवून ग-२ च्या मुलीने जर्नलात चित्र काढलं. एका बाजूला चपट्या सुया, दुसऱ्या बाजूला पाती. खाली तीन ओळी लिहिल्या: पहिला १२२, दुसरा १२२, दोन्ही मिळून ऐंशीच्या पुढेच सुरुवात. त्या पानावर मी सही केली.